एयासीला जाताय? आधी पायात काय घालणार ते सांगा

टांझानियाच्या सफारीत एक दिवस एयासी तलावाकडे, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाडझा आणि गुरं पाळणाऱ्या दातोगा लोकांना भेटायला ठेवला असेल, तर बाकी सगळं मागाहून. आधी बूट. जाड तळव्याचे, बंद. ‘थोडंसंच तर चालायचंय’ म्हणून मी सँडल चढवल्या आणि बूट करातूच्या, म्हणजे आदल्या मुक्कामाच्या गावच्या, हॉटेलात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले. हाडझा शिकारीमागे चालत नाहीत, जवळजवळ पळतात, आणि रान सगळं बाभळीच्या जातीचं. काटा सँडलच्या तळव्यातून आरपार टाचेत. तो काढायला एका पोराने बाणाचं टोक पुढे केलं तेव्हा मी आधी गाईडला विचारलं, विषाचा नाही ना हा? (मोठ्या जनावरासाठी विष लावलेले बाण वेगळे असतात.) त्यांच्या पायातही चपलाच असतात, पण टायर कापून केलेल्या. तुलना करू नका, बूट घाला.

करातूहून पाचच्या आत निघा. शिकार उजाडतानाच असते. करातू उंचावर, पहाटे चांगलंच गारठतं, म्हणून स्वेटर. खाली, तलावाजवळच्या मांगोला गावात, दहानंतर तोच काढून कमरेला बांधाल. रस्ता कच्चा, धूळ अमाप, तेव्हा रुमाल हवाच. सामान कापडी पिशवीत न्या, प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर तिथे २०१९ पासून बंदी आहे. पाणी, टोपी, हे काय सांगायचं.

मांगोल्यातूनच स्थानिक गाईड घ्या. हाडझांच्या भाषेत टाळूवर जीभ आपटून काढलेले टकटक आवाज आहेत आणि तिचं आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. ड्रायव्हरच्या स्वाहिलीवर सगळं भागत नाही. फी कुणाला, किती, कशाची, हे गाडीतून उतरण्याआधी ठरवा.

शाकाहारी असाल तर रात्रीच मनाची तयारी करा. खार नाहीतर पक्षी मिळाला की काड्या घासून विस्तव, आणि तिथेच भाजून खाणं. तोंड वेडंवाकडं करायचं असेल तर बायकांबरोबर कंद खणायला जा. तिकडेही काटे आहेतच. बूट!

दुपारी दातोगा. ही गुराखी माणसं, आणि त्यांच्यातले लोहार हाडझांना बाणांची टोकं घडवून देतात, बदल्यात मध किंवा मांस. कातडी भाता, मुशीत वितळणारी जुनी पितळी कुलपं, बघता बघता हातातलं कडं तयार. घेणार असाल तर सुटे शिलिंग ठेवा, मोठी नोट मोडायला तिथे दुकान नाही. शेणाने लिंपलेल्या घरात वाकून शिरा, फोटोआधी विचारा, पोरांना चॉकलेटं वाटू नका.

परतीला गाडीत झोप लागते. बिस्किटं, चिमटा, पट्टी जवळ ठेवा. आणि आत्ता, हे वाचता वाचता, उठून बूट बॅगेच्या वर काढून ठेवा. तळाशी नको.