वर्गात चार-पाच भाषा आहेत? मग या चुका टाळा

बडोद्यात इंग्लिश मीडियमच्या कुठल्याही वर्गात बघा, मधल्या सुट्टीत गुजराती, घरी कोणाकडे मराठी कोणाकडे सिंधी, टीव्हीवर हिंदी आणि परीक्षेचा पेपर इंग्लिशमध्ये. २०२० च्या शिक्षण धोरणात निदान पाचवीपर्यंत घरची भाषा वापरा असं लिहिल्यापासून नव्या टीचर उत्साहाने सुरू करतात आणि तीच ती चूक करतात, प्रत्येक वाक्याचं भाषांतर!

एका शाळेत सातवीचा सायन्सचा तास बघायला बसले होते, विषय बाष्पीभवन. टीचर एक वाक्य इंग्लिशमध्ये, तेच हिंदीत, तेच गुजरातीत. बिचारीचा घसा बसला. इंग्लिश वाक्य चाललं की मागच्या बाकावरची पोरं वहीच्या समासात चित्रं काढायची आणि गुजराती सुरू झालं की माना वर, कारण आपलं वाक्य येणारच आहे हे त्यांना पक्कं ठाऊक. तास संपत आला तरी पाठ अर्धाच, आणि पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत विचारलं तर वर्ग गप्प. मग मी म्हटलं, दोघादोघांनी बोला, हव्या त्या भाषेत. लगेच एक मुलगी शेजारणीला, "अगं हवेतच भेज भरलाय ना, मग पाणी जाणार कुठे?" (भेज म्हणजे गुजरातीत ओलावा.) हेच तर उत्तर! ते तिच्याकडे आधीपासून होतं, फळ्यावर इंग्लिशमध्ये मांडायला सगळ्यांनी मिळून मदत केली तेव्हा ह्युमिडिटी शब्दही आपोआप बसला.

म्हणून माझी सवय अशी: सुरुवातीच्या गप्पा घरच्या भाषेत, पाठ सलग इंग्लिशमध्ये, शेवटी जोड्यांमध्ये हवं तसं बोलायचं आणि वहीत इंग्लिश. कुठली भाषा कशासाठी हे तासाआधीच ठरवते, ऐनवेळी नाही.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे गणितात घरच्या भाषेत पुटपुटणाऱ्या पोराला "इंग्लिश प्लीज" म्हणून तोडणं. आजीने सात चोक अठ्ठावीस पाठ करून घेतलंय, त्याचा हिशोब तिथेच होतो, होऊ द्या की! उत्तर इंग्लिशमध्ये सांगितलं म्हणजे झालं. फक्त लिहिताना लक्ष ठेवा, आपल्याकडे पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो आणि ट्वेंटी फाइव्हमध्ये वीस, त्यामुळे लहान पोरं ५२ लिहून बसतात.

बाकी थोडक्यात. एकाच हुशार मुलाला रोज दुभाष्या करू नका, त्याचा अभ्यास बुडतो. मराठी आडनाव म्हणजे मराठी पक्कं असं धरू नका, इथे पिढ्या गेल्यात, पुष्कळ पोरं आजीशी मराठी आणि भावाशी गुजराती बोलतात, आधी विचारा. २१ फेब्रुवारीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिनाला, पोस्टर लावून वर्षभर गुजरातीला दंड, हे तर बंदच करा.

आणि "पोर्शन राहतो हो मॅडम" म्हणणाऱ्यांनी त्या जोडीच्या गप्पा घड्याळ लावून बघाव्यात. पाच मिनिटं पुरतात, तिहेरी भाषांतरात अर्धा तास जातो.