कानात रातकिडे वाजू लागले तर

कानात येणारा आवाज हा स्वतंत्र रोग नाही, खूण आहे. म्हणून औषध विचारण्याआधी आवाज नीट ओळखा. एका कानात आहे की दोन्ही? किर्र, शिट्टी, की सूं-सूं? सतत, की मधूनमधून? मनगटाची नाडी धरून बघा. कानातला ठोका नाडीबरोबर पडत असेल तर वाट वेगळी: रक्तदाब, रक्तक्षय आणि कानाजवळच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. हे सगळं कागदावर लिहून नेलं तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

सगळ्यात सोपं कारण म्हणजे मळ. कानाला दडा बसतो, आवाज घुमतो. काडी, पिन, इअरबड यांनी मळ आणखी आत ठासला जातो. कान वाहत नसेल, पडद्याला भोक नसेल आणि पूर्वी कानाचं ऑपरेशन झालेलं नसेल, तर साध्या खोबरेल तेलाचे २-३ थेंब दिवसातून दोनदा, ३ ते ५ दिवस घाला. तेल अंगाइतकंच कोमट हवं. लसूण कडकडीत तळून ते तेल कानात ओतू नका, आतली त्वचा भाजते. मळ मऊ झाला की डॉक्टरांकडून काढून घ्या. कान धुण्याचं पाणी ३७ अंशांच्या आसपास लागतं, गार पाण्याने गरगरतं.

पण प्रत्येक दडा मळाचा नसतो. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक कमी ऐकू आलं तर तोंड मिटून 'हूंऽऽ' असा आवाज काढा. तो दडा बसलेल्या कानात मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा मधल्या कानाचा त्रास. चांगल्या कानाकडे सरकला तर ऐकण्याची नस दुखावली असण्याची शक्यता आहे. ही घरची चाचणी पक्की नव्हे. अचानक ऐकू येणं कमी झालं असेल तर तिचा निकाल काहीही येवो, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात हा विभाग आहे. नस दुखावली असेल तर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत होतो, दोन आठवडे उलटले की फारसा होत नाही. थेंब घालून आठवडा काढण्यात कान गेलेली माणसं आहेत, म्हणून एवढं कळकळीने सांगतो. तोंड वाकडं होणं, गरगरणं, फक्त एकाच कानात टिकून राहिलेला आवाज, यांतही थांबू नका.

आपल्या सांगली भागात मोठं कारण गोंगाट. विट्याचे यंत्रमाग, कारखान्यांचा गळीत हंगाम, गणपतीतली डॉल्बी. हातभर अंतरावरच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागत असेल तर आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर गेला असं धरा. ८५ ला दिवसाला ८ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. डॉल्बीच्या भिंतीसमोर १०० सहज ओलांडतात. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. कानाकडून कमी येऊ लागलं की मेंदू आपली पट्टी वाढवतो, आणि स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखी खरखर ऐकू येते.

कापसाचा बोळा कामाचा नाही. फोमचा प्लग बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवून ३० सेकंद बोट दाबून धरा. अर्धाच बाहेर लोंबत असेल तर उपयोग नाही. मात्र घरात, शांततेत प्लग घालू नका, त्याने कानातला आवाज वाढतो.

चालू औषधंही दाखवा. जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक्स, ॲस्पिरिनचा मोठा डोस, काही केमोथेरपी यांनी कान वाजू शकतात. स्वतःहून मात्र बंद करू नका.

कारण सापडलं नाही तरी आराम मिळतो. कान कायमचा गप्प करणारी गोळी आजवर नाही, जिंको या झाडाच्या पानांपासून केलेल्या गोळ्यांवर पैसे घालू नका. रात्री अगदी शांतता ठेवू नका. थंडीत पंखा बंद झाला की किर्र जास्त जाणवते, तेव्हा पावसाचा किंवा पंख्याचा आवाज मोबाइलवर हळू लावा. तो कानातल्या आवाजापेक्षा किंचित कमी हवा. पूर्ण झाकला तर मेंदूला सवय लागत नाही. झोप उडत असेल, जीव घाबरा होत असेल, तर समुपदेशकाकडून वर्तनोपचार घ्या, त्याचा फायदा सिद्ध झाला आहे. आवाज तोच राहतो, त्याचा जाच कमी होतो.

ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, ऐकणं कमी निघालं तर कानाचं मशीन हाच चांगला उपाय. बाहेरचं नीट ऐकू आलं की आतलं मागे पडतं. आधी काही दिवस वापरून बघायला मागा. पहिल्या आठवड्यात भांड्यांचा ठणठणाट असह्य होतो आणि मशीन कपाटात जातं. रोज २ तासांपासून सुरुवात करा, दर २-३ दिवसांनी तासभर वाढवा, आणि १५ दिवसांनी सेटिंग पुन्हा करून घ्या.