गटाने ट्रेंड बुक तयार करताना: सोलापुरी टॉवेलच्या उदाहरणासह

टेक्स्टाइल किंवा फॅशन डिझाइन शिकवणाऱ्या अनेक संस्थांमध्ये एक गटप्रकल्प ठरलेला असतो: येत्या एखाद्या हंगामात कोणते रंग, पोत, विणी आणि नक्षी चालतील याचा अंदाज बांधून त्याचे ट्रेंड बुक तयार करायचे. चार-पाच जणांचा गट असतो, हातात एक सेमिस्टर असते आणि शेवटी परीक्षकांसमोर छापील पुस्तक ठेवायचे असते. यातली बरीचशी पुस्तके पाहायला देखणी आणि वाचायला पोकळ निघतात, कारण गट पहिल्याच आठवड्यात पिंटरेस्ट उघडून सुंदर चित्रे जमवू लागतो आणि ती का निवडली याचे कारण मागाहून शोधत बसतो. प्रस्तुत लेखात उलटा क्रम सुचवला आहे: आधी पुरावा, मग त्याचा अर्थ आणि चित्र सर्वांत शेवटी. उदाहरणासाठी सोलापूरच्या टेरी (पृष्ठभागावर सुताचे लूप असलेल्या) टॉवेल उत्पादकांकरिता वसंत-ग्रीष्म 2027 या हंगामाचे पुस्तक करायचे आहे, असे गृहीत धरू.

वाचक कोण, हे आधी ठरवा

पॅरिसमधील पेक्लर्स किंवा नेली रोदी यांसारख्या संस्था हंगामाच्या बऱ्याच आधी, काही वेळा दोन वर्षे आधीही, आपली पुस्तके बाजारात आणतात. लंडनमध्ये 1998 साली सुरू झालेली डब्ल्यूजीएसएन ही कंपनी हेच काम ऑनलाइन करते. आपल्याकडे निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या) 'व्हिजननेक्स्ट' या उपक्रमाने 2024 मध्ये 'परिधी' हे भारतीय बाजारपेठेसाठीचे ट्रेंड बुक प्रसिद्ध केले. या सर्वांचा पसारा मोठा आहे आणि विद्यार्थ्यांनी त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्यांच्या पुस्तकाचे बळ त्याच्या अरुंदपणात असते. 'भारतीय तरुणाईचे जीवनमान' असा विषय घेतला, तर कोणालाच उपयोगी न पडणारे पुस्तक होते. 'सोलापूरचा टॉवेल' असा विषय घेतला, तर निदान एक कारखानदार तरी ते शेवटपर्यंत उलगडून पाहील.

त्यासाठी पहिली भेट कारखान्याला द्यावी. मागावर डॉबी (लहान, साध्या नक्षीची यंत्रणा) आहे की जॅकार्ड (मोठ्या, गुंतागुंतीच्या नक्षीची), एका नक्षीत किती रंगांचे सूत चालवता येते, रंगाईसाठी कमीत कमी किती किलो सूत द्यावे लागते आणि पुढच्या उन्हाळ्याच्या ऑर्डरी कोणत्या महिन्यात पक्क्या होतात, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुस्तकाची चौकट आखली जाते. सोलापूरच्या यंत्रमाग व्यवसायात तेलुगू मातृभाषा असलेली पद्मशाली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. गटात कोणाला तेलुगू येत असेल तर त्या व्यक्तीला या भेटीला आवर्जून न्यावे, कारण मालक मराठीत जे सांगतात त्यापेक्षा वेगळे आणि अधिक नेमके काही मागावरच्या माणसाकडून कळते.

कामाची वाटणी

सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक वाटणी म्हणजे प्रत्येकाला एकेक प्रकरण देणे. तशा वाटणीतून चार जणांची चार पुस्तके तयार होतात आणि ती एकत्र बांधली जातात. पहिल्या प्रकरणात मातकट रंग असतात, दुसऱ्यात निऑन, आणि दोघांनाही एकमेकांचे कारण माहीत नसते. वाटणी प्रकरणांची न करता कामाची करावी. निरीक्षणे सर्वांनी गोळा करायची. त्यानंतर एकाने नोंदी सांभाळायच्या, एकाने रंग आणि सूत, एकाने मजकूर, एकाने पानांची मांडणी. याखेरीज एक संपादक नेमावा, ज्याचा शब्द मतभेदाच्या वेळी अखेरचा असेल. मैत्रीच्या गटात हे नेमणे अवघड जाते, म्हणूनच ते पहिल्या बैठकीत, कोणाचे कोणाशी काही बिनसण्यापूर्वी, करावे आणि एका पानावर लिहून सर्वांनी त्याखाली सही करावी. बैठकीचा वार, संदेशाला उत्तर देण्याची मुदत आणि श्रेयनामावलीत कोणाचे नाव कोणत्या कामासाठी येईल, हेही त्याच पानावर असावे.

पुरावा कसा जमवायचा

एक सामायिक तक्ता उघडावा आणि प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ द्यावी: छायाचित्र, ठिकाण, तारीख, नोंद करणाऱ्याचे नाव, काय दिसले आणि त्यावरून काय वाटले. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवण्यावर माझा विशेष भर आहे. 'दुकानदाराने पातळ पंचे दर्शनी भागात मांडले होते' हे निरीक्षण झाले. 'लोक पुन्हा परंपरेकडे वळत आहेत' हा तर्क झाला. दोन्ही एकाच वाक्यात आले की तर्कच पुरावा म्हणून पुढे सरकत राहतो आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत मूळ दुकान कोणाच्या लक्षात राहत नाही.

कुठे पाहायचे, याला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 साली मांडलेली विभागणी उपयोगी पडते. नवी गोष्ट सर्वप्रथम स्वीकारणारे सुमारे 2.5 टक्के, त्यांच्या पाठोपाठ येणारे 13.5 टक्के आणि मग बहुसंख्य लोक, असे तिचे स्वरूप आहे. जे प्रत्येक मॉलमध्ये दिसते ते बहुसंख्यांपर्यंत पोहोचलेले असते आणि 2027 साठी उशिराचे ठरते. जे एकाच कॅफेत दिसते ते केवळ कुतूहल असू शकते. शोध या दोहोंच्या मधला असतो. व्यवहारात मी एक साधी अट सुचवतो: एखादी गोष्ट किमान तीन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी आणि गटातील किमान दोन वेगळ्या व्यक्तींना दिसली असेल, तरच तिला पुस्तकाच्या विचारात जागा द्यावी.

छायाचित्रे शक्यतो स्वतःच काढावीत. चेहरा किंवा दुकानाची पाटी दिसत असेल तर परवानगी घ्यावी, आणि इंटरनेटवरचे चित्र तक्त्यात दुव्यासह ठेवावे, पुस्तकात छापू नये.

ढिगाऱ्यातून संकल्पना

निरीक्षणे पुरेशी झाली की ती छोट्या आकारात छापून भिंतीवर लावावीत. पहिला अर्धा तास कोणीही बोलायचे नाही. प्रत्येकाने फक्त चिठ्ठ्या हलवून जवळच्या वाटणाऱ्या एकत्र ठेवायच्या. बोलणे आधी सुरू झाले की गटातला सर्वांत बोलका सदस्य संकल्पना ठरवून टाकतो. शांततेत हलवलेल्या चिठ्ठ्यांपैकी ज्यांना दोघे-तिघे पुन्हापुन्हा वेगवेगळ्या ठिकाणी नेतात, त्यांच्यावरच चर्चा करावी; तिथेच काहीतरी हाती लागण्याची शक्यता अधिक असते.

समजा भिंतीवर पुढील गोष्टी शेजारी आल्या: मुंबईतील बाल्कनी नसलेल्या घरात खिडकीच्या जाळीला टांगलेले टॉवेल, पावसाळ्यात जाड टॉवेलला येणाऱ्या कुबट वासाबद्दल वसतिगृहातील मुलींची तक्रार, प्रवासाच्या सामानाच्या दुकानात वॅफल विणीचे (चौकोनी खळग्यांचे) पातळ टॉवेल, ऑनलाइन दुकानांतील तुर्की पेश्तमाल (पातळ, सपाट विणीचे टॉवेल), आणि आजोबांचा पंचा. घाईत असलेला गट याला 'मिनिमलिझम' किंवा 'मुळांकडे परत' असे नाव देऊन मोकळा होईल. नीट पाहिले तर या सर्वांमागे एकच कारण आहे आणि ते म्हणजे वाळण्याचा वेळ. घरे लहान झाली, वाळवायची जागा गेली, आणि पाचशेच्या पुढच्या जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) गुबगुबीत टॉवेल अशा घरात त्रासाचा झाला. संकल्पना एवढी नेमकी झाली की पुढचे निर्णय तिच्यातूनच निघतात: कमी वजन, उघडी वीण, टेरी आणि सपाट पट्टे आलटून पालटून, दोरीवर अडकवण्यासाठी कोपऱ्यात फीत. 'मुळांकडे परत' या नावातून मात्र मागावर काय बदलायचे हे कोणालाच कळत नाही.

प्रत्येक संकल्पनेच्या शेवटी अर्धे पान असेही ठेवावे, ज्यात हा अंदाज कशामुळे चुकेल ते लिहिलेले असेल. इथे उदाहरणार्थ, हॉटेलांची मागणी जाड पांढऱ्या टॉवेलचीच राहिली तर पातळ टॉवेलचा वाटा मर्यादित राहील. मार्गदर्शकांना हे पान पुस्तकाची बाजू कमकुवत करणारे वाटू शकते. पैसे गुंतवणारा माणूस मात्र बहुधा तेच आधी वाचतो. अशा तीन किंवा चार संकल्पना पुरेत.

रंग

एका संकल्पनेला पाच-सहा रंग द्यावेत आणि त्यांचे प्रमाणही दाखवावे: कोणता रंग जमिनीचा (पार्श्वभूमीचा), कोणता पट्ट्याचा आणि कोणता केवळ काठाच्या दोन धाग्यांपुरता. रंगांना ठरावीक क्रमांक देणारी पँटोन ही कंपनी 2000 सालापासून दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करते. 2025 साठी तो मोका मूस हा तपकिरी होता. असा जाहीर झालेला रंग आपल्या निरीक्षणांत दिसला असेल तर घ्यावा, एरवी केवळ नावासाठी त्याला पानावर बसवू नये.

रंग ठरवताना फोनचा पडदा बाजूला ठेवावा. पाच जणांच्या पाच फोनवर एकच निळा पाच प्रकारे दिसतो, आणि व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोवर झालेला रंगाचा निर्णय छपाईच्या दिवशी हमखास अंगाशी येतो. विभागाच्या ग्रंथालयात पँटोनचा सुती नमुन्यांचा संच असेल तर त्यातील टीसीएक्स क्रमांक (सुती नमुन्यांवरील रंगक्रमांक) दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसून नोंदवावेत आणि नंतर ट्यूबलाइटखाली पुन्हा पाहावेत; एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात फटकून वागू शकतात. त्यानंतर जाड कार्डाची बोटभर रुंद पट्टी घेऊन तिच्यावर प्रत्यक्ष सूत ठरलेल्या प्रमाणात गुंडाळावे. ही सुताची पट्टी पुस्तकातील सर्वांत कामाची वस्तू आहे, कारण रंगारी तीच हातात धरून आपला मसाला जमवतो. टेरीच्या लूपांमध्ये सावली पडत असल्याने तेच सूत सपाट विणीपेक्षा गडद भासते, म्हणून शक्य असल्यास दोन्ही विणींचे तुकडे शेजारी लावावेत.

मांडणी, छपाई आणि श्रेय

मांडणीची मूळ फाइल एका वेळी एकाच्याच हातात असावी, आणि फाइलच्या नावात तारीख व आवृत्ती असावी. 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' या नावांनी बुडालेले प्रकल्प कोणत्याही विभागात सापडतील. चित्रे 300 डीपीआय (दर इंचाला ठिपके), कडेला 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा छपाई), रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत), आणि पूर्ण पुस्तक छापण्यापूर्वी त्याच कागदावर रंगांचे एक पान छापून पाहावे.

कापडाचे तुकडे चिकटवायचे असतील तर पुस्तक मोकळ्या कडेला फुगते. शिलाईच्या बाजूला पानांमध्ये कार्डाच्या अरुंद पट्ट्या घातल्या किंवा स्क्रूची बांधणी केली की ते सपाट मिटते. फेव्हिकॉलमधील पाण्याने कागद सुरकुततो, त्याऐवजी दुहेरी टेप वापरावी, आणि कडांचे धागे निघू नयेत म्हणून तुकडे नागमोडी दातांच्या कात्रीने कापावेत. तीन प्रती आणि चोवीस नमुने म्हणजे बहात्तर तुकडे होतात. हे काम आदल्या रात्रीवर ठेवण्यासारखे नाही. प्रत्येक तुकड्याखाली सूत, वीण आणि जीएसएम लिहावे.

श्रेयाचे पान शेवटी असले तरी घाईचे नसावे. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मूळ स्थानाचा उल्लेख न करता दाखवल्या आणि त्यावरून किती गदारोळ झाला, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पंचा कुठल्या घरातला, नमुना कोणत्या कारखान्याने विणून दिला, रंग कोणी जमवले, हे त्या त्या व्यक्तीच्या संमतीने नोंदवावे. गटातील प्रत्येकाचे काम त्याच पानावर स्वतंत्र वाक्यात लिहिले, तर पुढे पोर्टफोलिओत पाचही जणांनी 'संपूर्ण पुस्तक मी केले' असे लिहिण्याचा प्रश्न उरत नाही. एक प्रत सोलापूरच्या त्या कारखान्यात ठेवून यावी आणि महिन्याभराने फोन करून कोणते पान जास्त हाताळले गेले ते विचारावे. पुढच्या तुकडीच्या तक्त्यातील ती पहिली ओळ होऊ शकते.