डाळ शिजत नाही म्हणून आरओ घेताय? पाण्याबाबतच्या या चुका टाळा

नेरूळहून घोडबंदर रोडला राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात घरात वाजलं ते तूरडाळीवरून. तोच कुकर, तेवढ्याच शिट्ट्या, तरी दाणा बोटाला लागायचा. किराणावाल्याला दोन शब्द सुनावूनही झाले. डाळीचा काही दोष नव्हता. त्या आठवड्यात सोसायटीच्या टाकीत निम्मं पाणी टँकरचं होतं. हे पंपवाल्याने सांगितलं, आणि तेही चहा पाजल्यावर.

पुढे सोसायटीच्या कमिटीत पाण्याच्या तक्रारी ऐकण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा लक्षात आलं की बहुतेक जण माझ्यासारखेच. आपल्या नळाला कुठलं पाणी येतं हे न विचारता थेट औषध शोधायला निघतात.

महापालिकेच्या पाण्याला ‘जड’ म्हणणं

नवी मुंबईचं पाणी मुख्यतः मोरबे धरणातून येतं आणि भोकरपाड्याला शुद्ध होतं. ठाण्याला भातसा आणि उल्हास नदीचं, शिवाय एमआयडीसीकडून बारवीचं पाणी मिळतं. म्हणजे सगळा सह्याद्रीवर पडलेला पाऊसच. इथे काळा कातळ आहे, चुनखडी नाही, त्यामुळे या पाण्यात क्षार फार विरघळत नाहीत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला साधारण शंभर मिलिग्रॅमच्या आसपास.

बोअरचं पाणी खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षं मुरत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. शाळेत ज्याला ‘दुष्फेन’ म्हणत, ते हे जड पाणी. डाळ यातच नीट शिजत नाही. टँकर बऱ्याचदा अशाच बोअरवर किंवा विहिरीवर भरतात. खाडीलगतच्या बोअरला तर चक्क खारट चव असते, पण खारट म्हणजे जड असं नाही. खारटपणा मिठाचा, जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. दोन्ही एकत्र असू शकतात, उपाय मात्र वेगळे.

आणखी एक गंमत. काही इमारतींत स्वयंपाकघराचा नळ महापालिकेच्या टाकीवर आणि बाथरूमचा बोअरच्या टाकीवर असतो. लोक स्वयंपाकघरातलं पाणी तपासतात आणि गिझर का खराब होतो म्हणून डोकं धरतात. दोन्ही नळ तपासा. साधी परीक्षा करायची तर झाकणाच्या बाटलीत निम्मं पाणी, थोडा किसलेला साधा साबण, आणि जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी मऊ, साय धरल्यासारखा गढूळ चोथा वर आला तर जड. कपड्यांची पावडर नको, ती जड पाण्यातही फेस देते.

टीडीएस मीटरला देव मानणं

दोनशे-तीनशे रुपयांचं ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळालाही मीटर ‘उत्तम’ म्हणू शकतं. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, जडपणाची २००. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत चालतं.

आमच्याकडे आरओचा, म्हणजे पाण्यातले क्षारही गाळून काढणाऱ्या यंत्राचा, एक सेल्समन आला होता. दोन ग्लास, त्यात दोन-दोन सळ्या, वीज सुरू. नळाचं पाणी मिनिटभरात तपकिरी गाळाने भरलं, आरओचं तसंच स्वच्छ. शेजारच्या काकूंनी तिथेच ऑर्डर दिली. गाळ पाण्यातला नव्हता, लोखंडी सळी झिजून तयार झाला होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार जेमतेम असतात, म्हणून फारसं काही घडत नाही. असा प्रयोग दाखवणाऱ्याला चहा द्या, चेक देऊ नका.

टीडीएस शंभराचा असेल तर आरओ लावून ते दहावर आणण्यात काय हशील? चव उतरते आणि निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जातं. ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओ वापरू देऊ नका, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये सांगितलं होतं. धरणाच्या पाण्याला गाळणी आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा), नाहीतर उकळणं पुरतं. टँकर-बोअरवर असाल तर आरओचा विचार जरूर करा.

सॉफ्टनर बसवून टीडीएस बघत बसणं

सॉफ्टनर म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र. त्यातलं रेझिन (बारीक मण्यांसारखा पदार्थ) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. टीडीएस तेवढाच राहतो, म्हणून ‘मशीन फसवं निघालं’ अशी तक्रार करू नका. मीठ घालून रेझिन वेळच्या वेळी धुतलं नाही, तर मात्र ते खरंच निरुपयोगी होतं. आमच्या इमारतीत मिठाच्या गोण्यांचा हिशेब कोण ठेवणार यावरून दोन मीटिंगा गेल्या. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी या पाण्यावर पिण्यासाठी विसंबू नये.

तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. उकळल्याने काही जडपणा जातो, म्हणून तर पातेल्यात पांढरी पुटं धरतात. डाळीत चिमूटभर सोडा घातला की ती शिजते खरी, पण ब१ जीवनसत्त्व जातं. त्यापेक्षा डाळ आरओच्या पाण्यात भिजवा आणि त्यातच शिजवा.

गिझर ६० अंशांच्या वर ठेवला की पुटं झपाट्याने धरतात. ५०-५५ ला ठेवा. शॉवरची चाळणी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली की मोकळी होते, प्लंबर बोलवायची गरज नाही.

शटडाऊननंतरचं पहिलं पाणी भरून ठेवणं

दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की जलवाहिनीतला दाब उतरतो. जिथे गळती आहे, तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी आलं की सगळे हंडे-पिंप घेऊन धावतात, आणि नेमकं ते पहिलं पाणी घरात साठवतात. काही मिनिटं वाहू द्या, ते फरशीला वापरा. पाणी दुधासारखं पांढुरकं दिसलं तर ग्लासात धरून ठेवा. खालून वर निवळत गेलं तर ती फक्त हवा. तळाशी थर बसला तर गाळ. दुर्गंधी आली तर मात्र वाट न बघता महापालिकेला कळवा आणि पिण्याचं पाणी उकळा.

क्लोरीनचा वास आला म्हणून घाबरू नका, नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायलाच हवं. टाकी महिनोन्महिने धुतलेली नसेल तर ते तिथेच संपतं.

जंतूंच्या तपासणीसाठी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत नमुना नेऊ नका. आम्ही नेला होता, परत पाठवला. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी लागते, आणि ती भरल्यावर त्याच दिवशी पोचवावी लागते. रविवारी भरून फ्रीजच्या दारात ठेवलेली बाटली सोमवारी दुपारी नेऊन उपयोग नाही.