बडोद्यातलं घर विकावं, भाड्यानं द्यावं की ठेवावं: ठरवायचं कसं?

दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, कुठल्याही मराठी वस्तीतून चक्कर मारा. दोन-चार दारांना कुलूप, ओट्यावर वाळलेली तुळस आणि पाटीवर ओळखीचं आडनाव दिसेलच. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात, आईवडील एकतर मुलाकडे, नाहीतर देवाघरी. घराचं काय करणार, असं विचारलं की उत्तर येतं, ‘‘बघू, अजून काही ठरवलं नाही.’’

ठरवलेलं असतंच की. विकणं, भाड्यानं देणं आणि स्वतः राहणं, या तिन्ही सोडून चौथी गोष्ट ठरवलेली असते: कुलूप. आणि त्याचं बिल येत राहतं.

आमच्या घरी हेच झालं. आई गेल्यावर मांजलपूरचा फ्लॅट चार वर्षं बंद राहिला. वेरा (म्हणजे घरपट्टी) भरला, मेन्टेनन्स भरला, दिवा न लावता लाईट बिल भरलं. चौथ्या वर्षी वाळवीनं (आपल्याकडे सगळे उधईच म्हणतात) दिवाण आणि दोन चौकटी खाल्ल्या. मग कुठे आम्ही भावंडं कागद-पेन घेऊन बसलो. ज्या क्रमानं बसायला हवं होतं, तो क्रम पुढे देतोय. आम्ही अर्थातच उलट्या क्रमानं गेलो होतो, म्हणजे दलालापासून सुरुवात.

१. आधी कागद, मग किंमत

घराला काय भाव येईल हे दोन फोनमध्ये कळतं. घर विकता येईल का, हे कळायला सहा महिनेही लागतात. म्हणून कपाटातली फाईल आधी काढा.

त्यात दस्तावेज (नोंदणी झालेलं खरेदीखत) हवा, सिटी सर्वेचं प्रॉपर्टी कार्ड हवं, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट, बांधकामाची बी.यू. परमिशन (इमारत वापरायची परवानगी) आणि चालू वर्षाचं वेरा बिल. वेरा बिलावर आपलं नाव आहे म्हणजे घर आपलं, असा समज फार पसरलेला आहे. तसं नसतं. ते बिल कर कोणाकडून वसूल करायचा एवढंच सांगतं.

जुन्या शहरातल्या घरांच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव सापडतं. अशा वेळी पेढीनामा (वंशावळ) करून वारसाईची नोंद करावी लागते, आणि ज्यांना हिस्सा नको आहे त्यांच्याकडून हक्क कमीचा (म्हणजे हक्क सोडल्याचा) दस्त नोंदवून घ्यावा लागतो. इथे एक ठाम सल्ला: बहिणींची सही ‘नंतर घेऊ’ म्हणून ठेवू नका. वडिलांनी मृत्युपत्र न करता मागे ठेवलेल्या स्वकष्टार्जित घरात मुलींचा मुलांइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या दुरुस्तीनं तो जन्मापासून आहे. ‘ती काही मागणार नाही’ हे वाक्य खरेदीदाराच्या वकिलासमोर चालत नाही, आणि बहिणीसमोर तर ते म्हणूच नये.

भाऊ परदेशात असेल तर त्यानं तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवायचं, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरायची. हे तीन महिने फार जणांचे हुकतात, कारण पाकीट आल्यावर आपण ते जपून कपाटात ठेवतो.

बडोद्याच्या काही भागांत आणखी एक पायरी आहे. १९९१ चा गुजरातचा अशांत क्षेत्रांचा कायदा, बोलीत ‘अशांत धारा’, ज्या भागाला लागू आहे तिथे विक्रीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार रद्दबातल. आपली गल्ली त्यात येते का हे बयाणा घेण्याआधी सब-रजिस्ट्रार कचेरीत विचारा, बानाखत (साठेखत) झाल्यावर नव्हे.

आणि वाड्यात जुना भाडूत असेल तर? १९४७ चा मुंबई भाडे कायदा गुजरातमध्ये लागू आहे, त्याचं संरक्षण त्याला मिळतं. महिना पन्नास रुपये देणारा माणूस कायद्याच्या नजरेत तुमच्याइतकाच पक्का बसलेला असतो. तो सोडायला तयार आहे का, कशावर, हे कळेपर्यंत बाकीचे हिशेब करून उपयोग नाही.

२. घर पावसाळ्यात बघा

इतर शहरांत हे सांगायची गरज पडत नसेल, इथे पडते. ३१ जुलै २०१९ ला इथे एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, आणि पाणी ओसरताना मगरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये निघाल्या. तेव्हापासून इथला खरेदीदार दिशा विचारण्याआधी ‘पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ हे विचारतो.

तुम्हीही ते विचारा, स्वतःच्याच घराबद्दल. वॉचमनला, समोरच्या किराणावाल्याला, तळमजल्यावरच्या काकूंना. समा, अकोटा, मुंजमहुडा, वडसर या नदीलगतच्या पट्ट्यात एका गल्लीत पाणी येतं आणि पुढच्या गल्लीत येत नाही. तळमजला असेल तर भाडूत मिळेल, पण एका पावसाळ्यानंतर टिकेल याची खात्री नाही. दुरुस्तीचा आकडा त्याप्रमाणे वाढवून धरा. आणि खरेदीदारापासून लपवू नका, भिंतीवरची ओल तशीही बोलतेच.

३. ‘परत येणार’ म्हणजे कधी?

घर ठेवण्याचं सगळ्यात मोठं कारण ‘पुढे कोणीतरी येईल’ हे असतं. मग त्या ‘कोणीतरी’ला फोन करा आणि वर्ष विचारा. ‘निवृत्तीनंतर, २०२९ मध्ये’ हे उत्तर आहे. ‘बडोदं ते बडोदं, शेवटी तिथेच येणार’ हे उत्तर नाही, आठवण आहे.

ही बोलणी गणपतीत सगळे जमले की करावीशी वाटतात. करा, पण विसर्जनानंतर. आरतीला आलेल्या मामांना घराच्या वाटणीत मत असतंच.

माझा नियम साधा आहे. पाच वर्षांच्या आत येणाऱ्याचं नाव आणि वर्ष सांगता येत असेल तर घर भाड्यानं द्या. सांगता येत नसेल आणि कागद स्वच्छ असतील तर विकण्याचा हिशेब मांडा. कागद स्वच्छ नसतील तर दोन्ही विसरा, आधी पहिली पायरी पुरी करा.

४. एका पानाचा हिशेब

समजा, दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. आजची किंमत ५० लाख, भाडं महिना १३,००० रुपये. वर्षाचे झाले १,५६,०००. त्यातून एक महिना रिकामा धरा, १३,००० गेले. मेन्टेनन्स महिना १,५०० प्रमाणे १८,०००. वेरा ५,०००. रंग, नळ, मोटर, वाळवीचं औषध यांचे सरासरी १५,०००. हातात उरले १,०५,०००, म्हणजे ५० लाखांवर दोन टक्क्यांच्या थोडं वर. असा हिशेब मांडून अनेकांना धक्का बसतो. महिन्याला खात्यात १३,००० येताना दिसतात ना!

आता विकलं तर? हा फ्लॅट तुम्ही २००४-०५ मध्ये ९ लाखांना घेतला आणि २०२५-२६ मध्ये ५० लाखांना विकला असं धरू. नफा ४१ लाख. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाईची वजावट न देता. पण त्या तारखेआधी घेतलेल्या घराला, निवासी भारतीय विक्रेता असेल तर, जुन्या पद्धतीशी तुलना करायची मुभा आहे: महागाई निर्देशांक लावून २० टक्के. नव्या पद्धतीनं कर ५,१२,५०० होतो. जुन्या पद्धतीनं खरेदी किंमत निर्देशांकानं (११३ वरून ३७६) वाढून सुमारे २९.९५ लाख होते, नफा २०.०५ लाख उरतो आणि कर सुमारे ४.०१ लाख. वर ४ टक्के उपकर धरून सुमारे ४.१७ लाख. इथे जुनी पद्धत लाखभरानं स्वस्त पडली. तुमच्या घराला उलटंही होईल, म्हणून दोन्ही मांडा.

कर आणि एक टक्का दलाली जाऊन सुमारे ४५.३ लाख हातात. बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सुमारे २.९५ लाख. भाड्यापेक्षा १.९ लाख जास्त. म्हणजे घराची किंमत दरवर्षी पावणेचार-चार टक्क्यांनी वाढत राहिली, तरच घर ठेवणं बरोबरीत येतं.

ती वाढेल का? इथे घराची जात बघावी लागते. टेनामेंट (स्वतंत्र बैठं घर) किंवा ड्युप्लेक्स असेल तर खाली स्वतःची जमीन आहे, आणि वाढते ती जमीन. पंचवीस वर्षांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दरवर्षी म्हातारा होतो. अपवाद एकच: सोसायटीत रिडेव्हलपमेंटची बोलणी खरोखर चालू असतील तर थांबा. गुजरातमध्ये बांधकामाची परवानगी (डेव्हलपमेंट परमिशन) मिळून २५ वर्षं झालेल्या इमारतीसाठी ७५ टक्के सभासदांची संमती पुरते. फक्त व्हॉट्सअॅप ग्रुपवरची चर्चा म्हणजे बोलणी नव्हेत. ठराव झालाय का, ते विचारा.

५. विकायचं ठरलं तर

घर वडिलोपार्जित असेल आणि १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल, तर मूळ किमतीऐवजी त्या तारखेची रास्त किंमत धरता येते. नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून तसा अहवाल घ्या. त्याची फी करात वाचणाऱ्या रकमेपुढे किरकोळ असते.

जंत्रीवर, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जागांच्या दरांवर, लक्ष ठेवा. एप्रिल २०२३ मध्ये गुजरातमध्ये जमिनीची जंत्री दुप्पट झाली, फ्लॅटची १.८ पट. जंत्रीची किंमत विक्री किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाली, तर आयकर खातं जंत्रीच धरतं.

‘थोडे वरचे घ्या की’ असं कोणी म्हणालं तर उठा. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर घेतली तेवढीच रक्कम दंड म्हणून जाऊ शकते.

नफ्यावरचा कर वाचवायचा असेल तर दोन वर्षांत दुसरं घर घेणं, तीन वर्षांत बांधणं, किंवा सहा महिन्यांत ठरावीक सरकारी रोख्यांत ५० लाखांपर्यंत पाच वर्षं गुंतवणं, असे मार्ग आहेत. तेवढ्यात विवरणपत्राची तारीख आली आणि घर ठरलं नसेल तर पैसे कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावे लागतात, साध्या बचत खात्यात नाही.

अनिवासी भावाच्या वाट्याचा प्रश्न वेगळा आहे. महागाई निर्देशांकाची मुभा त्याला नाही. शिवाय खरेदीदाराला नुसत्या नफ्यावर नव्हे, त्याच्या वाट्याच्या पूर्ण रकमेवर कर कापावा लागतो. आधीच अर्ज करून कमी कपातीचा दाखला घेतला तर ही अडकाअडकी टळते. तुम्ही निवासी असाल आणि व्यवहार ५० लाख किंवा वर असेल, तर खरेदीदार एक टक्का कापेल. तो विवरणपत्रात वळता होतो.

६. भाड्यानं द्यायचं ठरलं तर

पुण्यातले नातेवाईक ‘लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलंस का?’ असं विचारतील. महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे. इथे रिवाज अकरा महिन्यांच्या भाडेकराराचा आहे, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा करार नोंदवावाच लागतो. करार स्टॅम्पवर करा, भाडूताची माहिती पोलीस ठाण्यात द्या, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूचा फोटो तारखेसकट काढा.

भाडूत कुठला, हे वस्तीवरून ठरतं. फतेहगंज, निझामपुऱ्यात विद्यापीठाची मुलं, वाघोडिया रोडला खासगी कॉलेजांची, मांजलपूरला मकरपुरा जी.आय.डी.सी.त (औद्योगिक वसाहतीत) नोकरी करणारी कुटुंबं. ‘फॅमिली की बॅचलर’ हा प्रश्न तुमच्याआधी सोसायटी विचारेल, आणि ‘व्हेज की नॉनव्हेज’ हाही. मला हा दुसरा प्रश्न पटत नाही, पण सोसायटीचे ठराव आधी वाचा, नाहीतर भाडूत सामान घेऊन दारात उभा आणि सेक्रेटरी खाली.

भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला वेरा आणि उरलेल्यावर ३० टक्के वजावट मिळते, त्या ३० टक्क्यांसाठी पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. तुम्ही परगावी असाल तर किल्ली ज्यांच्याकडे ठेवाल त्या शेजाऱ्यांना वर्षातून एकदा नीट काहीतरी घेऊन जा. मोटर जळाली की रात्री अकराला फोन त्यांनाच जातो.

७. विकून इथेच नवं घ्यायचं तर

जुनं घर विकून भायली-वासणाकडे नवा फ्लॅट घेण्याचा बेत असेल तर खर्चाची यादी आधी करा. स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के, नोंदणी १ टक्का. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर नोंदणी फी माफ असते. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, बी.यू. मिळाल्यावर पूर्ण घेतलं तर नाही. भाव सुपर बिल्ट-अपवर (जिना-लॉबी धरून) सांगतात, पण दिवाण कार्पेटमध्ये (भिंतींच्या आतल्या जागेत) बसवायचा असतो. टेप घेऊन जा.

आमचा मांजलपूरचा फ्लॅट शेवटी विकला. दस्तावेजानंतर लाईट मीटर, गॅसचं कनेक्शन आणि वेरा बिल खरेदीदाराच्या नावावर करायला मीच एक दिवस काढला, कारण गॅसचं बिल वर्षभर आईच्या नावानं माझ्या मोबाईलवर यावं असं वाटत नव्हतं. दिवाणाचा उधईनं सोडलेला भाग बहिणीनं नेला. त्याचा तिनं पाट करून घेतलाय.