आवाजाचा बिनतारी नॉब: घरातल्या म्युझिक सिस्टीमला नीट कसा जोडावा

अँप्लिफायरवरचा जुना नॉब कुठे वळलेला आहे ते बघितलं की केवढ्याने वाजणार याचा अंदाज येतो. टेबलावर ठेवायच्या बिनतारी नॉबचं तसं नाही. त्याच्या पोटात एन्कोडर असतो. तो कितीही गोल फिरतो आणि ‘उजवीकडे फिरवलं’, ‘डावीकडे फिरवलं’ एवढंच कळवतो. सध्या आवाज किती आहे, एका खटक्याला किती वाढवायचा, कुठे थांबायचं, हे त्याला माहीत नसतं. हा हिशेब मधल्या यंत्राला करावा लागतो. नॉब जोडणं तासाभराचं काम आहे, पण तो हाताला बरा लागणं या हिशेबावर अवलंबून असतं.

गाणं कुठून वाजतं, ते आधी बघा

गाणी लॅपटॉपवरून किंवा फोनवरूनच वाजत असतील तर ब्लूटूथचा किंवा यूएसबी डोंगलवाला नॉब पुरतो. कीबोर्डवरची आवाजाची बटणं जो संदेश देतात तोच हा नॉब देतो, त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये एका खटक्याला आवाज २ ने बदलतो, म्हणजे शून्यापासून शंभरापर्यंत ५० पायऱ्या. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर मात्र १५ च पायऱ्या असतात आणि आयफोनवर १६, म्हणून तिथे आवाज टप्प्याटप्प्याने उडी मारतो. मॅकचा आवाज एचडीएमआयने टीव्हीला जात असेल तर बहुतेक वेळा मॅक तो बदलूच देत नाही. अशा वेळी नॉब खराब आहे असं समजून परत पाठवू नका.

वायफाय स्पीकर, स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी घेऊन अँप्लिफायरला देणारा डबा) किंवा नेटवर्कला जोडलेला एव्ही रिसीव्हर (टीव्ही आणि गाणी दोन्हींसाठीचा अँप्लिफायर) असेल तर ब्लूटूथ नॉबचा फारसा उपयोग नाही. तिथे झिगबी (छोट्या उपकरणांसाठीचं, कमी विजेवर चालणारं बिनतारी जाळं) नॉब आणि मध्ये होम असिस्टंट (घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) ही जोडी चांगली चालते. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

काय काय लागेल

होम असिस्टंट चालवायला रास्पबेरी पाय ४ किंवा एखादा जुना मिनी पीसी, झिगबीचा यूएसबी डोंगल, १ मीटरची यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल, नॉब, सीआर२०३२ सेल आणि भिंतीत लावायचा एक झिगबी प्लग. केबल वगळू नका. यूएसबी ३.० पोर्ट आणि हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झमध्ये, म्हणजे झिगबीच्याच पट्ट्यात, बराच गोंगाट करतात. डोंगल थेट तिथे खोचला की नॉब खोलीच्या दुसऱ्या टोकापासूनच अडखळू लागतो.

नॉब दोन जातींचे मिळतात आणि दोन्हींसाठी हिशेब वेगळा करावा लागतो. तुया कंपनीच्या मंचावरचे गोल नॉब, जे वेगवेगळ्या ब्रँडांच्या नावाने विकले जातात, ते पावलं मोजून कळवतात. आयकियाचा पहिल्या पिढीचा सिम्फोनिस्क रिमोट ‘फिरायला लागलो’ आणि ‘थांबलो’ एवढंच सांगतो. त्याच्याच दुसऱ्या पिढीत फिरणारा भाग नाही, नुसती बटणं आहेत. जुना माल घेताना फोटो नीट बघा.

जोडणी

झिगबीचं चॅनल सुरुवातीलाच ठरवा, कारण नंतर बदललं तर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात. घरचं वायफाय १, ६ किंवा ११ वर असतं. झिगबीचं २५ नंबरचं चॅनल २४७५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे या तिन्हींच्या वर येतं, म्हणून ते बरं. मग होम असिस्टंटमध्ये झेडएचए किंवा झिगबी टू एमक्यूटीटी (होम असिस्टंटला झिगबीशी जोडणाऱ्या दोन सोयींपैकी एक) चालू करा आणि नवीन उपकरण घ्यायची परवानगी उघडा. नॉब डोंगलपासून हातभर अंतरावर ठेवा. सिम्फोनिस्कच्या सेलच्या झाकणाखाली छोटं बटण असतं, ते ५ सेकंदांत ४ वेळा दाबायचं. तुयाचा नॉब दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचा.

तुयाच्या नॉबला दोन मोड आहेत आणि पटापट तीनदा दाबलं की मोड बदलतो. इव्हेंट मोडमध्ये तो फक्त डावं-उजवं कळवतो. कमांड मोडमध्ये प्रत्येक संदेशासोबत पावलाचा आकारही येतो. आवाजासाठी कमांड मोडच ठेवा. नॉब नीट चालत असताना अचानक काहीच करेनासा झाला, तर घरातल्या कुणीतरी खेळता खेळता तीनदा दाबलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

खरी मेख: आवाजाचा आकडा कोण सांभाळतो

होम असिस्टंटमध्ये आवाज ० ते १ या आकड्यात असतो. पहिल्यांदा सगळे एकच करतात: खटका आला की स्पीकरचा आत्ताचा आवाज वाचायचा, त्यात ०.०२ मिळवायचे, नवा आकडा पाठवायचा. सावकाश फिरवलं तर हे चालतं. भरभर फिरवलं की खटके गिळले जातात. कारण नवा आकडा पाठवल्यावर स्पीकर तो परत कळवायला थोडा वेळ घेतो, आणि तेवढ्यात आलेला पुढचा खटका जुनाच आकडा वाचतो. चार खटक्यांतले दोनच मोजले जातात.

उपाय असा की आकडा स्पीकरकडून न वाचता स्वतःजवळ ठेवायचा. होम असिस्टंटच्या हेल्परमध्ये (आपले आकडे साठवायची जागा) एक नंबर तयार करा: किमान ०, कमाल ०.४५, पायरी ०.०१. नॉबच्या ऑटोमेशनने (‘असं झालं की तसं कर’ हा नियम) फक्त हा नंबर बदलायचा. त्या ऑटोमेशनचा मोड ‘क्यूड’ ठेवा, म्हणजे खटके रांगेत लागतात आणि एकही सुटत नाही. दुसरं ऑटोमेशन या नंबरवर लक्ष ठेवेल: तो बदलला की १०० मिलिसेकंद थांबायचं आणि मग स्पीकरला पाठवायचा. याचा मोड ‘रिस्टार्ट’, म्हणजे नवा बदल आला की आधीचं सोडून पुन्हा पहिल्यापासून. भरभर फिरवताना मधले आकडे आपोआप गळतात, स्पीकरला शेवटचा तेवढा जातो आणि नेटवर्क तुंबत नाही.

कुणी फोनवरच्या ॲपमधून आवाज बदलला तर आपला नंबर मागे राहतो, आणि पुढच्या खटक्याला आवाज एकदम जुन्या जागी उडी मारतो. म्हणून तिसरं छोटं ऑटोमेशन लागतं: स्पीकरचा आवाज बदलला आणि आपला नंबर गेले २ सेकंद हललेला नाही, तरच स्पीकरचा आकडा नंबरमध्ये भरायचा. दोन सेकंदांची अट काढली तर दोन्ही ऑटोमेशनं एकमेकांना ढकलत बसतात आणि आवाज वरखाली डुलतो.

एका खटक्याला किती, याचा हिशेब तुमच्या वापरातल्या पट्ट्यावरून करा, शून्य ते शंभरवरून नको. रोजचं ऐकणं १० ते ४० मध्ये असेल आणि नॉबला एका फेऱ्यात २० खटके असतील, तर खटक्याला १.५ (होम असिस्टंटच्या मापात ०.०१५) ठेवल्यावर सगळा पट्टा एका फेऱ्यात येतो. रात्री हळू ऐकणाऱ्यांनी १ ठेवावा.

सिम्फोनिस्कला मोजायला खटकेच नाहीत. तिथे ‘फिरायला लागला’ कळल्यावर दर १५० मिलिसेकंदांनी ०.०१ वाढवत राहायचं आणि ‘थांबला’ आलं की सोडायचं. यात एक धोका आहे: ‘थांबला’ हा संदेश हवेतच हरवला तर आवाज चढतच राहतो. म्हणून आवर्तनांना २० ची मर्यादा घालाच. झिगबी टू एमक्यूटीटीमध्ये हेच काम करणारी, उजेडाचा आकडा बनवून देणारी सोय आहे. पण तिचं मूळ पाऊल दर २०० मिलिसेकंदांना २५५ पैकी २० आहे, म्हणजे जवळजवळ ८ टक्के. दिव्यासाठी ठीक, गाण्यासाठी फारच मोठं. ते ५ करा.

मर्यादा दोन ठिकाणी

आपल्या ऑटोमेशनमधल्या चुकीने ट्वीटर (स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग) जळू नये यासाठी स्पीकरमध्येही वेगळी मर्यादा लावा. सोनोसमध्ये प्रत्येक खोलीच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूम लिमिट आहे. डेनॉन आणि मरांट्झच्या रिसीव्हरांमध्ये आवाजाच्या मेनूत लिमिट सापडतं. १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं, पण अँप्लिफायरला दहापट पॉवर द्यावी लागते.

स्ट्रीमर आणि वेगळा अँप्लिफायर असेल तर आवाज एकाच ठिकाणी बदलायचा. स्ट्रीमर तुमच्या कमाल मर्यादेवर नेऊन ठेवा, अँप्लिफायरचा नॉब शून्यावरून सावकाश वाढवा, आणि घरात कधीही चालेल इतका मोठा आवाज झाला की तिथे सोडून द्या. त्यावर खुणेची चिकटपट्टी लावली तर उत्तम.

जुना, नेटवर्क नसलेला अँप्लिफायर

याचा रिमोट असेल तर नॉबचा खटका वायफाय आयआर ब्लास्टरकडे (रिमोटसारखे इन्फ्रारेड संदेश सोडणारं यंत्र) पाठवता येतो. पण आयआर एकतर्फी असतं, आकडा परत येत नाही, त्यामुळे वर दिलेला नंबरचा खेळ इथे चालत नाही. वेगालाही मर्यादा आहे: एनईसी या प्रचलित संदेशपद्धतीच्या रिमोटमध्ये बटण दाबून धरलं तरी संदेश ११० मिलिसेकंदांनी एकदाच जातो, म्हणजे सेकंदाला नऊ. इथे ‘क्यूड’ मोड ठेवला तर हात थांबल्यावरही रांगेतले संदेश संपेपर्यंत आवाज चढत राहतो. ‘सिंगल’ मोड ठेवा, म्हणजे एक संदेश जात असताना आलेले खटके सोडून दिले जातात. काही खटके वाया गेले तरी चालतील.

बिघाड कुठे शोधायचा

बराच वेळ न वापरलेल्या नॉबचा पहिला खटका वाया जाणं नेहमीचं आहे. सेल वाचवायला तो झोपतो आणि जागा व्हायला क्षणभर घेतो.

काही दिवस चालून मग बंद पडला, तर तो कुणामार्फत जोडला गेलाय ते बघा. विजेवर चालणारे झिगबी बल्ब आणि प्लग संदेश पुढे पोहोचवतात. जवळचा बल्ब कुणी भिंतीवरच्या स्विचने बंद केला की नॉबचा दुवाच तुटतो. म्हणून वेगळा प्लग, आणि तो कुणाचा हात जाणार नाही अशा सॉकेटमध्ये. वीज जाणाऱ्या भागात हा प्लग, होम असिस्टंट आणि राउटर तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर असावेत. चुंबक असलेला नॉब लोखंडी कपाटावर छान चिकटतो, पण मागचा पत्रा सिग्नल अडवतो. लाकडी कडेला लावा.

सेलच्या टक्केवारीवर भरवसा ठेवू नका. लिथियम सेलचा दाब शेवटपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास टिकतो आणि मग झपकन पडतो. चार्ज होणारा एलआयआर२०३२ त्याच मापाचा असला तरी पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देतो, तो घालू नका. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो, त्याने कधीकधी संपर्क नीट होत नाही. नवा सेल घालूनही नॉब गप्प असेल तर दुसऱ्या कंपनीचा घालून बघा. घरात लहान मूल असेल तर सुटे सेल वर, कुलपात ठेवा. गिळलेला सेल दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकतो, त्यामुळे नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.