गाडीचा रंग फिका पडलाय: पॉलिश की रिपेंट? ठरवताना या चुका टाळा

गाडी जुनी दिसायला लागली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "रबिंग-पॉलिश मारून घ्या, नवी दिसेल." दुसरा म्हणतो, "आता पूर्ण पेंटच करून टाका." दोघांपैकी कुणीही पत्र्यावरून बोट फिरवलेलं नसतं.

लांबून बघून निर्णय घेणं

कारखान्यातून गाडी येते तेव्हा तिच्यावर बहुधा रंगाचे चार थर असतात. पत्र्यालगत गंजरोधक थर, त्यावर प्राइमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा सातवा ते दहावा हिस्सा. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. पॉलिशचं सगळं काम या एवढ्याशा थरात चालतं. चरा जिथवर खोल गेलाय तिथवर आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणला की चरा दिसेनासा होतो. पॉलिशने रंग वाढत नाही, दर वेळी थोडा कमीच होतो.

म्हणून आधी दोन गोष्टी बघायच्या: दोष क्लिअर कोटच्या आत आहे का, आणि घासण्याइतका थर उरलाय का.

गाडी स्वच्छ धुवा, सावलीत उभी करा आणि खराब भागावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा बहुधा पॉलिशच्या आवाक्याबाहेर गेलाय. तो थोडा बुजेल, पूर्ण जाणार नाही. मग त्या भागावर पाणी टाका. पांढुरका थर किंवा जाळीसारखे बारीक चरे ओलेपणी नाहीसे झाले तर पॉलिशने फरक पडण्याची चांगली शक्यता आहे. ओल्या पत्र्यावरही नकाशासारख्या कडा दिसत असतील तर मामला वेगळा आहे.

पोपडे निघालेल्या रंगाला बफिंग (मशीनने पॉलिश) करणं

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. छत, बॉनेट आणि डिकीचा वरचा भाग दिवसभर ऊन खातो. क्लिअर कोटमधले अतिनील किरण शोषणारे घटक वर्षानुवर्षं झिजत जातात, थर ठिसूळ होतो आणि खालच्या रंगाची पकड सुटते. आधी दुधाळ डाग पडतात, मग पोपडे निघतात. सुटलेला थर कुठलंही पॉलिश परत चिकटवू शकत नाही. उलट मशीनचं पॅड त्या कडेत अडकतं आणि तळहाताएवढा पोपडा ताटाएवढा होतो.

त्याच कडेवर डब्यातल्या स्प्रेने नवा क्लिअर मारणं हाही उपाय नाही. खालचाच थर सुटलेला असल्याने वरचा त्याच्यासोबत उचलला जातो. सुटलेलं सगळं काढून, घासून, ते पूर्ण पॅनेल रंगवणं एवढाच मार्ग उरतो.

रंगाखाली फोड किंवा फुगवटा दिसत असेल तर तो बहुतेकदा गंज असतो. तिथे पॉलिश निरुपयोगी, आणि गंज न काढता नुसता रंग चढवला तर फोड परत वर येतात.

पॉलिशने जाणाऱ्या डागांसाठी मूळ रंग घालवणं

उलट दिशेची ही चूक मला जास्त खटकते, कारण ती परत फिरवता येत नाही. कारखान्यात उघडी बॉडी गंजरोधक द्रावणात पूर्ण बुडवतात, आणि वरचा क्लिअर साधारण १३० ते १४० अंश सेल्सिअसला भाजतात. तयार गाडीत प्लास्टिक, रबर, वायरिंग असल्याने वर्कशॉपमध्ये हे तापमान ६० अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं. चांगला पेंटर उत्तम काम करतो, तरी धड असलेला मूळ रंग राखणंच शहाणपणाचं.

बंपरवर किंवा दारावर दुसऱ्या रंगाचा जाड पट्टा दिसला की लोक घाबरतात. पुष्कळदा तो समोरच्या गाडीचा रंग आपल्या क्लिअरवर घासून बसलेला असतो, आणि हाताने थोडं कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट) चोळलं की निघतो. हात लावल्यावर खरखर लागणारा पत्रासुद्धा खराब झालेला असेलच असं नाही. त्यावर लोखंडी कण आणि धुळीचं बारीक साठण असतं, ते क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने काढतात. हे साठण न काढता पॉलिश केलं तर तेच कण पॅडखाली फिरून नवे चरे पाडतात.

जुन्या गाड्यांवर आणि काही साध्या एकरंगी गाड्यांवर क्लिअर कोट नसतोच. आडबाजूला पांढऱ्या फडक्याने थोडं पॉलिश चोळून बघा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर रंग एकथरी आहे. फिका पडलेला एकथरी रंग पॉलिशने छान उठतो, मात्र तिथे प्रत्येक वेळी खुद्द रंगच झिजतो. मॅट फिनिशची गाडी असेल तर पॉलिशचं नावच काढू नका. चकाकीचे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

चाचणी न घेता अख्खी गाडी घासायला घेणं

खराब पॅनेलवर हात-दीड हाताचा चौकोन टेपने आखा. आधी मऊ पॅड आणि बारीक पॉलिश वापरा, भागलं नाही तर एक पायरी कडक जा. थेट कटिंग कंपाउंडने सुरुवात करू नका. चौकोन उजळला तर गाडीला पॉलिश पुरेल. उजेडात तो नुसता तेलकट वाटला तर त्यावर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल पुसून पुन्हा बघा. काही पॉलिशमध्ये चरे बुजवणारे भराव असतात, ते दोन-चार धुण्यांत निघून जातात आणि चरे जिथल्या तिथे दिसतात.

जाडी मोजणारं मीटर मिळालं तर जरूर लावा. आकडा २०० मायक्रॉनच्या पुढे असेल तर ते पॅनेल बहुधा आधी रंगवलेलं आहे. हजाराच्या घरात गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली असणार. ८०-९० च्या आसपास असेल तर मी तिथे कडक कंपाउंड लावू देणार नाही. हे मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, क्लिअर किती उरलाय ते नाही. प्लास्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालतही नाही. पत्र्याच्या घड्या आणि दारांच्या कडा यांवर रंग मुळात पातळ असतो. तिथे टेप लावा, नाहीतर मशीन क्षणात खालचा प्राइमर दाखवतं.

रंगवायचं ठरल्यावर घाई करणं

पूर्ण गाडीच रंगवली पाहिजे असं नाही. छत आणि बॉनेट रंगवून बाकीची गाडी पॉलिश करणं हा मला बहुतेक वेळा योग्य वाटणारा निर्णय आहे. मेटॅलिक रंगात गाडीचा रंग-कोड तंतोतंत असला तरी फरक दिसू शकतो, म्हणून चांगला पेंटर बेस कोट शेजारच्या पॅनेलवर हलका विरवत नेतो आणि त्या पॅनेलला पूर्ण क्लिअर देतो. "आम्ही मधेच जोड देतो" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. क्लिअरचा तो जोड पुढे कडेने उठतो.

क्रमही महत्त्वाचा. शेजारची जुनी पॅनेल आधी पॉलिश करून मगच रंग जुळवायला सांगा, नाहीतर नवा रंग धुरकट रंगाशी जुळवला जाईल. पॉलिशचा अंश मात्र डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) पूर्ण निघाला पाहिजे. त्यातलं सिलिकॉन राहिलं तर ताज्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. टू-के क्लिअर म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर, त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक आहे. घरच्या अंगणात साधा मास्क लावून हा प्रयोग करू नका.

गाडी हातात आल्यावर नव्या पॅनेलवर वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग लगेच नको. किती आठवडे थांबायचं ते पेंटरकडून वापरलेल्या क्लिअरचं नाव घेऊन त्याच्या सूचनापत्रकात बघा. तोवर मऊ मिटने (धुण्याच्या हातमोज्याने) शाम्पूचं पाणी पुरे, आणि पक्ष्यांची विष्ठा पडली तर त्याच दिवशी धुऊन टाका.